लग्नापूर्वीचे संपूर्ण नाव

२०२४च्या जुलैत महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या, सेतू केंद्रं आणि ग्रामपंचायतींच्या ओट्यांवर बायकांची दाटी होती. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरणं चालू होतं. वय २१ ते ६५, दरमहा १५०० रुपये. या अर्जात नावासाठी एक ओळ पुरत नव्हती. महिलेचे संपूर्ण नाव, मग लग्नापूर्वीचे संपूर्ण नाव, मग लग्नानंतरचे संपूर्ण नाव, अशी विचारणा होती.

आमच्या भागातल्या अंगणवाडीत अर्ज लिहून द्यायला मी बसत असे. ‘लग्नापूर्वीचं नाव सांगा’ म्हटलं की समोरची बाई जरा थांबायची आणि मग भरभरून बोलायला लागायची. ‘पवार लिहा. आमचे पवार फलटणकडचे.’ ‘वडलांचं नाव ज्ञानोबा, पण गावात त्यांना समदे माउलीच म्हणायचे.’ ओळ संपायची तरी माहेर संपायचं नाही. साठी ओलांडलेल्या एक मावशी म्हणाल्या, हे नाव मला लग्नानंतर कुणी विचारलंच नव्हतं. मी लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळीवर बोट ठेवून ‘इथंच लिवलंय ना?’ असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुरुषाच्या अर्जात ही ओळ नसते. शाळेच्या दाखल्यावरचं, लग्नपत्रिकेतलं आणि सातबाऱ्यावरचं त्याचं नाव एकच असतं. बाईचं माहेरचं नाव लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’च्या पुढे छापलं जातं, आणि अनेकींच्या बाबतीत तेच शेवटचं.

आडनाव बदलावं की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंची उत्तरं तयार असतात. मला भेटलेल्या बायकांकडे तयार उत्तर नव्हतं. दोन्ही बाजू एकाच बाईत नांदत होत्या. त्या गुंत्याविषयी मला लिहायचं आहे, कारण तो गुंता म्हणजे तिच्या मनाचा कच्चेपणा आहे असं समजण्याची आपली पद्धत मला मुळीच मान्य नाही.

मराठी नावाची रचनाच अशी की लग्नात बाईचं फक्त आडनाव बदलत नाही. मधलं नाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो. आणि अनेक घरांत पहिलं नावही बदलत आलं आहे. माप ओलांडून नवी नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन होतं, तबकात तांदूळ पसरले जातात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. मग पेढे किंवा साखर वाटतात. ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि पांढरपेशा घरांतली. शेतकरी, कष्टकरी घरांत पाळण्यातलं नाव बहुधा राहतं. तिथे नवरा आणि आडनाव तेवढं पुढे लागतं. हल्ली पुष्कळ नवरे तबकात तिचं आहे तेच नाव लिहितात. विधी होतो, फोटो निघतात आणि नाव शाबूत राहतं. मला हे आवडतं.

पण ज्यांचं नाव तांदळात खरोखर बदललं त्यांचा इतिहास आपण पुरेसा आठवत नाही. १८६५ साली जन्मलेली कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. फिलाडेल्फियात १८८६ साली डॉक्टर होताना ती आनंदीबाई जोशी होती, आणि अमेरिकेत पोकिप्सीच्या दफनभूमीत तिच्या अस्थी जिथे आहेत तिथल्या दगडावरही तेच नाव कोरलेलं आहे. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगीही यमुनाच. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि ती रमाबाई झाली. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाली आणि तिनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. आपल्या शाळांना, रस्त्यांना, सभागृहांना आज जी नावं आहेत ती या बायकांच्या आयांनी ठेवलेली नव्हेत.

तरीही ही नावं त्यांच्यावर नुसती लादली होती असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईचं नाव त्या लग्नात आनंदी ठेवलं गेलं. विधवेचं जिणं मागे टाकून निघालेल्या बाईला त्या नव्या नावात काय वाटलं असेल? पुसलं गेल्यासारखं, की नव्यानं जन्मल्यासारखं? बाया कर्वे म्हणून सगळ्या महाराष्ट्रानं ओळखलेल्या त्या बाईनं ‘माझे पुराण’ या आत्मकथनाच्या नावात ‘माझे’ हा शब्द ठेवला, एवढं मी पाहते.

बदललेल्या नावाचा आनंद खोटा नसतो. माझ्या ओळखीत एक बँकेतली अधिकारी आहे. तिच्या लहानपणी वडील घर सोडून गेले. शाळेत हजेरी घेताना तिच्या नावामागे त्यांचं नाव यायचं आणि ते ऐकताना ती मान खाली घालायची. लग्नात तिनं नाव, मधलं नाव, आडनाव सगळं बदलून घेतलं. ‘माझी सुटका झाली,’ असं ती सांगते. स्त्रीवादी मैत्रिणींनी तिला समजावलं तेव्हा ती रागावली होती, आणि तिचा राग मला पटला. उलट एका डॉक्टर मैत्रिणीनं काहीच बदललं नाही. तिची पदवी, वैद्यक परिषदेची नोंदणी, दवाखान्याची पाटी सगळं माहेरच्या नावावर. सासरच्या कार्यात लोक तिला नवऱ्याच्या आडनावानं हाक मारतात आणि ती ओ देते. तिनं मला सांगितलं की तिला त्या हाकेचा त्रास होत नाही, आणि होत नाही याचंच तिला वाईट वाटतं. मुलाच्या शाळेत मात्र ‘तुम्ही आई ना? मग आडनाव वेगळं कसं?’ असं विचारलं गेलं, त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती.

निवृत्त झालेल्या एका शिक्षिका आहेत. त्यांचं पहिलं नावही बदललेलं. पंचेचाळीस वर्षं त्या नव्या नावानं जगल्या, शिकवलं, मुलं वाढवली. गावची बालमैत्रीण आली की जुन्या नावानं हाक मारते. बाई म्हणाल्या, ‘ती मेली की त्या नावानं हाक मारणारं कुणी उरणार नाही. पण आता मला कुणी ते नाव परत दिलं तर मी घेणार नाही. कुणाचं घेऊ? ती मुलगी बारावीतच राहिली.’ या वाक्यात तक्रार होती की समाधान, हे मला सांगता येणार नाही; ते दोन्ही असावं.

त्यांच्या स्वयंपाकघरात माहेरहून आलेला एक पितळी डबा आहे. त्यावर जुनं नाव घातलेलं आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत. दुकानदार यंत्रानं कोरून देतो, तारीख आणि देणाऱ्याचं नावही घालतो. जुन्या घरांत फिरताना मी हे डबे, तांबे, पातेली बघते. बाईचं पहिलं नाव कुठेही लिहिलेलं सापडत नाही तेव्हा ते पुष्कळदा पातेल्याच्या काठावर सापडतं.

या विषयावर बोलणं निघालं की कुणीतरी एक युक्तिवाद हमखास पुढे करतं: माहेरचं आडनाव तरी कुठे बाईचं? तेही बापाचंच. हा मुद्दा मांडणाऱ्याला वाटतं की आता बोलायला काही उरलं नाही. पण पुरुषाचं आडनावही त्याच्या बापाचंच असतं, आणि त्याला कुणी कधी सांगत नाही की हे तुझं नव्हे. पंचवीस-तीस वर्षं ज्या नावानं बाई परीक्षेला बसली, पहिला पगार घेतला, चुका केल्या, ते नाव वापरून वापरून तिचं झालेलं असतं. आणि हीच गोष्ट सासरच्या नावालाही लागू होते. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला ‘ते तर नवऱ्याचं’ असं म्हणणंही तितकंच अन्यायाचं.

कलावंत बायकांनी हे आपापल्या परीनं दाखवून दिलं आहे. माहेरच्या लाड असलेल्या दुर्गाबाईंनी लग्नानंतरचं खोटे हे नाव वैधव्य आल्यावर, पुन्हा लग्न केल्यावरही कायम ठेवलं. ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटापासून लोकांनी त्यांना त्याच नावानं ओळखलं होतं आणि आत्मचरित्राच्या नावातही ‘मी, दुर्गा खोटे’ असंच आलं. आशाताई जन्मानं मंगेशकर. गणपतराव भोसल्यांशी झालेलं लग्न मोडलं, पुढे १९८० साली राहुलदेव बर्मन यांच्याशी लग्न झालं, पण गाणं भोसले नावानंच राहिलं. ते आडनाव नवऱ्याकडून आलं होतं हे खरं. ते मोठं केलं त्यांनी स्वतः. बाळूताई खरे यांची गोष्ट आणखी वेगळी. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिताना त्यांना आपलं कुठलंच नाव पुस्तकावर घालता येत नव्हतं. त्या विभावरी शिरूरकर झाल्या आणि पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर. त्यांचं सगळ्यांत धीट लेखन ज्या नावावर आहे ते ना बापाचं ना नवऱ्याचं.

गोव्यात याहून निराळा धागा दिसतो. मोगूबाई कुर्डीकरांचं आडनाव कुर्डी गावावरून आलेलं. तो गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. केसरबाई केरकरांचं नाव केरी गावावरून. कलावंत घराण्यांतल्या या बायकांच्या नावात पुरुष नव्हता, गाव होता. त्या मोकळेपणाची किंमत त्यांनी केवढी मोजली हे गोमंतकातल्या घरांना ठाऊक आहे; ज्या समाजानं त्यांचं गाणं ऐकलं त्यानंच त्यांना संसाराची प्रतिष्ठा नाकारली. मोगूबाईंची मुलगी किशोरी रवींद्र आमोणकरांशी लग्न करून आमोणकर झाली. आईचं नाव गावाचं आणि मुलीचं नवऱ्याचं. या दोन नावांत दोन पिढ्यांचा केवढा प्रवास आहे.

आणि राजकारण पाहा. पंकजा मुंडे, वर्षा गायकवाड, पूनम महाजन, प्रिया दत्त: वडिलांच्या आडनावाला मतं असली की ‘सासरचं नाव का लावत नाही’ असं त्या घरात कुणी विचारत नाही. सुप्रिया सुळे यांनी सासरचं नाव लावलं, त्यांनाही कुणी अडवलं नाही. म्हणजे नाव टिकवणं आपल्या समाजाला अशक्य वाटत नाही. त्या नावाचं बाजारात काय मोल आहे, यावर ते ठरतं. साध्या घरच्या मुलीचं नाव मोलाचं नाही असं आपण गृहीत धरतो, आणि मला हे फार लागतं.

आडनावावरून जात ओळखायची आपली खोड या प्रश्नाला आणखी टोक आणते. आंतरजातीय लग्न केलेल्या एका दलित तरुणीनं मला सांगितलं की नवऱ्याचं आडनाव लावल्यावर पुण्यात घर भाड्यानं मिळताना चौकशी थांबली. तिला हायसं वाटलं, आणि मग दोन रात्री झोप लागली नाही, कारण ते हायसं वाटणं आजोबांच्या नावाशी बेइमानी आहे असं तिला वाटत राहिलं. आता ती कामावर माहेरचं आडनाव लावते आणि सोसायटीच्या पाटीवर सासरचं. एखादीनं असं वागावं का, हा प्रश्न तिला विचारायचा नाही. तो घरमालकाला विचारायचा आहे. चळवळीतल्या काहींनी यावर आडनावच टाकून दिलं आणि आई-वडिलांच्या नावांची आद्याक्षरं लावली. ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या गीताली वि. मं. हे त्यातलं वाचकांच्या ओळखीचं नाव.

जातीचा दाखला मात्र जन्मावरून, वडिलांच्या बाजूच्या कागदांवरून मिळतो. त्यामुळे राखीव जागेवर उभी राहणारी सून दोन नावांत अडकते. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. गावोगावी सुना उभ्या राहतात. मतदार यादीत सासरचं नाव, जातीच्या दाखल्यावर माहेरचं, शाळा सोडल्याचा दाखला माहेरचा, आधार सासरचं. मग ‘अमुक व तमुक ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्राची प्रत जोडायची आणि छाननीच्या दिवशी विरोधकानं हरकत घेऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे. आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगायची वेळ त्याच प्रभागातल्या पुरुष उमेदवारावर सहसा येत नाही.

कायदा काय म्हणतो? १९५५चा हिंदू विवाह कायदा आणि १९५४चा विशेष विवाह कायदा बाईच्या आडनावाबद्दल काहीच म्हणत नाहीत. नाव बदलावंच लागतं असा नियम आपल्याकडे नाही. जपानात आहे. तिथल्या नागरी संहितेच्या ७५०व्या कलमानुसार नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, बहुतेक सगळ्या जोडप्यांत ते नवऱ्याचंच असतं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ आणि २०२१ साली हे कलम कायम ठेवलं. आपल्याकडे सक्ती कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती बँकेच्या खिडकीत, संयुक्त खात्याच्या अर्जात, ‘मॅडम, लग्न झालंय ना, मग?’ या प्रश्नात सापडते.

कागदांनाही आपसांत मेळ नाही. पॅन कार्डावर विवाहितेच्याही वडिलांचं किंवा आईचं नाव येतं. आधारवर आयुष्यात दोनदाच नाव बदलता येतं. म्हणजे लग्नात एकदा बदललं आणि पुढे लग्न मोडल्यावर पूर्वीचं घेतलं की संधी संपल्या. पारपत्रासाठी २०१६च्या डिसेंबरात विवाह प्रमाणपत्राची अट काढली गेली, आणि २०१७च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं की पारपत्रासाठी लग्नानंतर नाव बदलायची गरज नाही. ते चांगलं झालं. पण एका कागदावर सूट मिळाली तरी बाकीच्यांची माळ तिच्याच गळ्यात असते. राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिराती मी अधूनमधून वाचते. ‘विवाहामुळे’ हे कारण स्तंभामागून स्तंभ दिसतं, आणि त्यात नवऱ्याचं नाव बदलल्याचं मला अजून आढळलेलं नाही.

परतीची वाट तर आणखी बिकट. मुंबई उच्च न्यायालयानं कुटुंब न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती करून, नवऱ्याचं नाव-आडनाव लावूनच दावा दाखल करण्याची सक्ती बायकोवर करू नये असं सांगितलं, ही मोठी गोष्ट होती. कल्पना करा, ज्याच्यापासून सुटका हवी त्याच्याच नावानं सही करायची. तरी २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक याचिका गेली ती केंद्राच्या अशा अधिसूचनेविरुद्ध, जिच्यानुसार माहेरचं नाव पुन्हा घेताना घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र जोडावं लागत होतं. आपलं जन्माचं नाव घ्यायला नवऱ्याची हरकत नसावी लागते! आणि ज्यांना परत जाता येतं त्यांतल्या कितीतरी जणी जात नाहीत. मुलांच्या दाखल्यावर तेच आडनाव असतं. तेवढ्यासाठी ते लावत राहतात, आणि प्रत्येक सहीला मन थोडं खट्टू होतं.

जमिनीचं सांगितलं नाही तर हा लेख शहरी राहील. ९ सप्टेंबर २००५पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. पण वडील गेल्यावर वारसनोंद होते तेव्हा बहीण वेगळ्याच नावानं नांदत असते. भाऊ म्हणतो, ‘तुझी कागदं जुळत नाहीत गं, तू सही करून दे, मी बघतो.’ ती सही हक्कसोडपत्रावरची असते. मला भेटलेल्या तलाठी बाई म्हणाल्या की निम्म्या बहिणी प्रेमानं सोडतात आणि निम्म्या कंटाळून. त्यांचा हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण नावांचा गोंधळ नसता तर कंटाळ्याची एक सबब तरी कमी झाली असती. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोचं नाव सातबाऱ्यावर घातलं, ते नवऱ्याच्या घरची लक्ष्मी म्हणून. मुलगी म्हणून बापाच्या सातबाऱ्यावर टिकून राहणं अजून अवघड आहे.

२०२५च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींसाठी ई-केवायसी आलं आणि पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवा, घटस्फोटित, अनाथ बायका गडबडल्या आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. बाईचं नाव कुणा पुरुषाला जोडल्याशिवाय यंत्रणेला ती दिसत नाही, हे त्या महिन्यात सगळ्यांनाच दिसलं. माझं मागणं साधं आहे. दोन्ही नावं कायम एकाच नोंदीत, सारख्याच वैधतेनं राहावीत, आणि ती जुळवायचं काम यंत्रणेनं करावं. मग ज्यांना बदलायचं त्यांनी आनंदानं बदलावं.

२०२४च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचं. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र सध्याची पद्धत, म्हणजे तिचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव, पुढे चालू ठेवली; मालमत्तेच्या दस्तात विवाहपूर्व नाव नोंदवायची मुभाही दिली. आई बाळाच्या नावात आली, पण पहिल्या नावापुरती. तिचं आडनाव पुढच्या पिढीत नाहीच.

माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा हाच विषय निघाला. भाचीनं लग्नानंतर काहीच बदललेलं नाही. जावईबापू म्हणाले, बाळाला तुझं आडनाव लावू या, माझ्या भावाची मुलं आहेतच की माझं चालवायला. भाची खूश झाली आणि लगेच घाबरली. सासूबाई ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणाल्या. सगळ्यांत मोठा विरोध आला तो भाचीच्या आईकडून, म्हणजे माझ्या ताईकडून. ‘बापाला आडनाव नाही का? लोक पोरीला काय काय विचारतील!’ ज्या आडनावासाठी हे चाललं आहे ते ताईचं सासरचं. चाळीस वर्षांपूर्वी तिनंही ते रडत घेतलं होतं, हे तिला आठवतं. भाचीचे वडील काही दिवस गप्प होते. मग बारशाच्या निमंत्रणात नाव कसं छापणार, एवढंच त्यांनी विचारलं. बारसं झालं, तेही आडनावाशिवाय. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मार्चला बाळाचं वर्ष पुरं होईल. ताई अजून ऐकत नाही.